साहेबाच्या घोड्याचं गवत

२ फेब्रुवारी, रविवार. दिग्रस

तिसरं ऑनलाइन व्याख्यान झालं. विषय लदेणीचा. आमचे लमाण पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत, तेव्हा इकडे रस्ते नव्हते. आमच्या बैलांनी तुडवलं, त्याला नंतर रस्ता म्हणाले. हे वाक्य चांगलं जमलं. बोलताना हात वर गेला आणि अय्याजने लावलेला दिवा खाली पडला.

अय्याजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी तो अर्धं शटर ओढून मला स्टुलावर बसवतो आणि समोर फोन उभा करतो. मी इथे बोलतो तेव्हा तिकडे आमच्या बेलझरी तांड्यात, समाजमंदिरातल्या टीव्हीवर माझं तोंड दिसतं. पुण्याला, सुरतला कामाला गेलेले लोक फोनवर ऐकतात. ऐकतात असं अय्याज म्हणतो. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, चौकाचौकांत बोललो, गोंगाट करणाऱ्या सभा दोन वाक्यांत गप्प केल्या. इथे समोर एक काळं भोक. टाळी नाही, खोकला नाही. कोणाचा तरी माइक उघडा राहतो आणि भर व्याख्यानात कुकरची शिट्टी होते.

आज शेवटी मोजकेच उरले होते. अय्याज म्हणाला, "सर, बुरा मत मानो. मीठ-धान्य लोकं किती वेळ ऐकतीन? थोडी फाइटिंग पाह्यजे."

मी त्याला झापलं. इतिहास म्हणजे तमाशा नाही. आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्यात आम्हाला एक तर चोर केलं किंवा नाचणारे केलं. तो आता आम्ही सांगू, आमच्या लोकांना, आमच्या तांड्यात. त्यासाठी माणसं जागची हलणार नाहीत असं बोलावं लागेल, हे मात्र खरं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एकही माणूस हलला नाही!

विषय होता जंगल सत्याग्रहाचा. १९३० साली राखीव रानातलं गवत कापायला बेलझरीतून चौघं गेले आणि चौघंही रानातच पकडले गेले. तिघं परतले. हेमला परतला नाही. कागदांत या चौघांची नावं मला सापडली आहेत. माझे आजोबा पाचवे असते, पण ते त्या दिवशी बाजाराला गेले होते. शिपाई नेमके त्याच वाटेवर कसे बसले होते, ते कागदात नाही.

पण याडी, म्हणजे माझी आई, तिच्या सासूकडून आलेलं एक गाणं म्हणायची: "दीर माझा थावरा, साहेबाच्या घोड्याला गवत घालतो. घोडं हिरवं खातं, थावरा गोरा होतो."

थावरा म्हणजे चिंचेखालच्या घरातल्या पूनमसिंगचा आजा. हे गाणं आज व्याख्यानात आणायचं, असं ठरवलं नव्हतं. हेमलावर बोलत होतो, आवाज चढला होता, आणि ते आपोआप तोंडात आलं. सुरुवातीचे दोन शब्द सोडून दिले, त्यांनी वाक्य लांबतं. म्हणालो, "कागद खोटं बोलतील, आमच्या बायका नाही! शंभर वर्षं त्यांनी गाण्यात पुरावा जपला आहे. थावरा साहेबाच्या घोड्याला गवत घालतो! कोणतं गवत? ज्या गवतासाठी हेमला मेला, ते गवत!"

अय्याज फोनमागे उभा होता. त्याच्या अंगावर काटा आला, असं त्यानेच सांगितलं. खाली लोकांचे शेरे इतके भराभर येत होते की वाचता येईनात.

घरी आलो तर पुष्पा भाकरी थापत होती. तिने फोनवर ऐकलं होतं.

"थावराबाबाचं नाव कायले घेतलं?"

"इतिहासात नावं घ्यावी लागतात."

"पूनमभाऊले नातू झाला. ते बी घ्या मंग इतिहासात."

बायकोला इतिहासाची शिस्त समजावणं मी फार पूर्वी सोडलं आहे.

११ फेब्रुवारी

कोणता तुकडा कापून लोकांना पाठवायचा, अय्याजने विचारलं. मीच सांगितलं: "कागद खोटं बोलतील" पासून "ते गवत" पर्यंत. त्याने मागे ढोल लावला. पुसदहून फोन, दारव्ह्याहून फोन. पुसदच्या एका मुख्याध्यापकांना तर ऐकताना रडू आलं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला कधी ऐकलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

व्याख्यान दिलं. त्याबद्दल लिहायचं नाही.

सकाळी बाजारात पूनमसिंग भेटला. चहाच्या टपरीशी उभा होता, हातात बाळासाठी घेतलेलं टोपडं. माझ्यापेक्षा थोडा मोठा आहे. आडनाव एकच, राठोड. लहानपणी एकाच ओढ्यात पोहलो. मी "राम राम, पूनमभाऊ" म्हणालो. त्याने राम राम घेतला नाही. आम्ही आपसात गोरबोलीत बोलतो. लोकांचं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहितो, हाताला तीच सवय आहे.

"हरसिंग, तुले कोनं सांगितलं?"

"काय?"

"माह्या आज्यानं खबर देल्ली म्हणून."

"गाणं आहे, भाऊ. याडी म्हणायची."

"कवा म्हणायची?"

मी मौखिक परंपरेवर बोलायला लागलो. कुठल्या देशात गाण्यांवरून इतिहास कसा उभा केला, वगैरे. तो मध्ये बोलला नाही. माझं संपल्यावर त्याने तेच विचारलं.

"कवा म्हणायची, हरसिंग? पेरणीले म्हणायची का लग्नात म्हणायची?"

"होळीत," मी म्हणालो.

"होळीत," तो म्हणाला. टोपडं खिशात घातलं आणि चहा न पिता गेला.

होळीत गातात ती लेंगी. भावजया दिरांची खोड काढतात. तोंडाला येईल तो आरोप, जितका खोटा तितका चांगला. दीर चिडला तर हरला. दिराने हसायचं आणि नाचायचं. माझ्या बापाने शेजारणीची कोंबडी पळवली, अशी लेंगी होती. आमच्याकडे सगळे कंठी घातलेले. बापाने जन्मात कोंबडी खाल्ली नव्हती. थावराचं गाणं म्हणताना याडी हसायची. गाणं पुरं व्हायच्या आधीच हसायची.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे तांड्यातल्या कोणत्याही पोराला माहीत आहे. "दीर माझा" हे दोन शब्द ऐकले की कळतं, पुढचं सगळं खोटं आहे. म्हणूनच ते वाक्याला जड होत होते. लांब नव्हते, जड होते.

२० फेब्रुवारी

पुष्पाने बातमी आणली. तांड्यात राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीचा, मानीबाईचा फोन आला होता. चिंचेखालच्या घरी धुंडीला गेर जाणार नाही, असं तरुण पोरांचं ठरलं आहे आणि नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्यांच्या बाजूने आहे. "मुखबिराच्या दारात काठी टेकवायची नाही," असं म्हणतात.

मी विचारलं, "राखीचं बाळ?"

"मंग कोनाचं?"

धुंड म्हणजे बाळाची पहिली होळी. तांड्यातल्या पुरुषांचा जथा, म्हणजे गेर, काठ्या घेऊन दारात येतो. बाळावर चादर धरतात, चादरीवर काठ्या जुळवून आशीर्वाद गातात. तोवर पोर आईबापाचं असतं, मग ते तांड्याचं होतं. दुसऱ्या होळीला धुंड होत नाही. राखी ही पूनमसिंगची सून, तिकडे मुकुटबनच्या बाजूची. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर हे पोर झालं. तिच्या सासूने, जमनीभाभीने, सुवाळ्यांसाठी, म्हणजे धुंडीला वाटायच्या पुऱ्यांसाठी, गहूसुद्धा निवडून ठेवले होते, मानीबाई म्हणाली.

पुष्पाने यावर काहीच टोमणा मारला नाही. तिने मारला असता तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जाहीर माफी मागितली. व्याख्यान नाही, फक्त माफी. गाणं पूर्ण म्हटलं, "दीर माझा" सकट. ती लेंगी होती हे सांगितलं. म्हणालो, "माझ्या जिभेने एका मेलेल्या माणसावर जी राख टाकली, ती आज मी माझ्या कपाळाला लावतो." खोटं नाही, मनापासून म्हणालो.

फोन बंद केला तेव्हा अय्याज डोळे पुसत होता. "सर, माफी का क्लिप तो उससे भी भारी होईन."

मग नायकाचा फोन. प्रेम नायक, चाळिशीचा, माझाच विद्यार्थी. वक्तृत्व स्पर्धेची ढाल मीच त्याच्या हातात दिली होती.

"सर, काय बोलले! सगळं समाजमंदिर रडत होतं."

"मग गेर जाणार ना राखीच्या दारात?"

"सर, तुमच्यावर दबाव आला, आमाले समजत नाही का? तुमी कायले माघार घेता? आमी हावो ना."

"कोणाचाही दबाव नाही रे. मी चुकलो."

"हे तं तुमी बोलानच. मोठं मन हाये तुमचं."

माझेच शब्द मी परत घ्यायला गेलो तर ते माझ्याकडे परत येत नाहीत. आरोप केला तेव्हा पुरावा नसताना त्यांनी तो मानला. आता पुरावा देतोय तर त्यांना माझा मोठेपणा दिसतो. जन्मभर लोकांना एकच शिकवलं: आवाज चढला की खरं आहे असं समजा. तसं शब्दांत कधी म्हणालो नाही, पण शिकवलं तेच.

पुष्पा एवढंच म्हणाली, "माफी मागताना बी हात वर केलाच तुमी."

२ मार्च, रविवार

व्याख्यान रद्द केलं आणि एसटीने तांड्यात गेलो. आधी नायकाकडे. प्रेमने खुर्ची टाकली, स्वतः खाली बसला, पोरांना बोलावून सगळ्यांना माझ्या पाया पडायला लावलं. मी तासभर समजावलं. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरं नाही ऐकत, सर. पोरांच्या फोनात तुमीच हा ना." एकाने लगेच लावून दाखवलं. ढोल, आणि माझा वर गेलेला हात.

मग चिंचेखाली. पूनमसिंग आत होता. त्याचा खोकला ऐकू आला, पण तो बाहेर आला नाही. जमनीभाभीने पाणी दिलं. ती त्याची बायको, म्हणजे नात्याने माझी भावजय. मी सत्तरी गाठली तरी मला अजून नावानेच हाक मारते. राखी दारात पोराला घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून तिने पोराच्या तोंडावर पदर ओढला. ऊन नव्हतं तिथे.

मी उठून उभा राहिलो. "राखी बेटा, मी या घराचा गुन्हेगार..."

"बस खाली," जमनीभाभी म्हणाली. "इथं भाषण नाही करायचं. पोरगं आत्ताच झोपलं."

मी बसलो.

म्हणालो, होळी पेटायच्या आधी सगळ्या तांड्यासमोर बोलतो. असं बोलतो की...

"होळीत भाषण कोन ऐकते, हरसिंग?"

"मग काय करू?"

ती पोराची लंगोटी पिळत होती. पिळून झाल्यावर बोलली.

"येशीन का होळीले?"

"येईन."

"मी बोलन ते ऐकशीन?"

"ऐकीन."

"गप राह्यशीन?"

उत्तर द्यायला मी पुन्हा उठून उभा राहिलो. राखी पहिल्यांदा हसली. मला हसली, पण हसली.

निघताना आतून पूनमसिंगचा आवाज आला. मला नाही, बायकोला. "गेला का तो?"

९ मार्च

होळीसाठी चार ओळी लिहिल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. पुष्पाने चुलीत टाकल्या. मी थांबवलं नाही.

अय्याजला तो तुकडा काढून टाकायला सांगितला. त्याने आमच्या पानावरून काढला. म्हणाला, "सर, अपना निकाला. लोगों के फोन से कैसे निकालूं?"

१४ मार्च, होळी. बेलझरी तांडा

आमची होळी पहाटे पेटते. आम्ही दोघं काल संध्याकाळीच आलो, मानीबाईकडे उतरलो. सकाळी राखेभोवती सगळे जमले. गेरिये काठ्या घेऊन, बायका समोर घोळक्याने. प्रेमने मला पुढे, मानाच्या जागी ओढलं. या वर्षी तांड्यात दोन धुंडी. एक घर ठरलं होतं. दुसऱ्याचं नाव कोणी घेत नव्हतं. चिंचेखालच्या अंगणात झाडलोट झालेली दिसत होती, दारात घोंगडी अंथरलेली आणि तिच्यावर कोणी नाही.

लेंग्या सुरू झाल्या. नेहमीच्या, कोंबडीच्या, दारूच्या. मग जमनीभाभी घोळक्यातून पुढे आली. तिच्या हातात सुवाळ्या तळायचा झारा होता. तिने तो माझ्याकडे रोखला आणि आवाज लावला. तिचा आवाज फाटका आहे, पण लांब जातो.

"दीर माझा हरसिंग, त्याचा आजा बाजाराला गेला! चौघं गेले गवताला, आजा बाजाराला गेला! त्या दिवशी, बायांनो, कोणता बाजार भरला?"

मग बायकांनी उचललं: "कोणता बाजार भरला? कोणता बाजार भरला?"

माझे आजोबा! ज्यांनी मला खांद्यावर बसवून हेमलाची गोष्ट सांगितली! तोंड उघडलं, हात वर गेला. पुष्पा बायकांच्या घोळक्यात होती. ती माझ्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

हात खाली घेतला. गप राहिलो. गाणं माझ्याभोवती फिरत राहिलं आणि मला कळत होतं, उत्तर द्यायला माझ्याकडे काहीही नाही. बाजाराला गेले होते, हे मला आजोबांनीच सांगितलं होतं. कोणता बाजार, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

मागे कोणीतरी पोरगं खिदळलं. एक गेरिया ओरडला, "सर, नाचा! चिडला तो हरला!" मी नाचलो. या वयात, धोतर सांभाळत, वेड्यासारखा. लोक हसून लोळले.

जमनीभाभीने झारा वळवला. "दीर माझा प्रेम नायक, त्याच्या आज्यानं पागोटं चोरलं! चोरलं पागोटं घालून, बायांनो, नायक कोन झाला?" प्रेम लाल झाला. पोरांनी त्याला ढकलून मध्ये घातलं. तोही नाचला. मग तिने एकेका घराचं नाव घेतलं. कोणाचा आजा लांडग्याला घाबरला, कोणाच्या आज्याने सासूचं लुगडं विकलं. गाणं संपलं तेव्हा तांड्यात एकही स्वच्छ दार उरलं नव्हतं.

झारा खाली करून ती प्रेमला साध्या बोलीत म्हणाली, "बोल नायका. आता कोनाच्या दारात काठी टेकवता?"

प्रेमने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन याची वाट पाहत होता. सगळेच पाहत होते. आयुष्यात माझी इतकी वाट कोणी पाहिली नव्हती. खाली पडलेली एक काठी उचलली आणि चिंचेकडे चालायला लागलो. पहिली थोडी पावलं मी एकटाच होतो. मग मागून काठ्यांचा आवाज आला.

राखी पोराला घेऊन घोंगडीवर येऊन बसली. चादर धरली. काठ्या जुळल्या, आशीर्वाद सुरू झाला, पोर घाबरून रडलं, बायका हसल्या. पूनमसिंग सुनेच्या मागे उभा होता. माझी काठी चादरीजवळ गेली तशी त्याने ती हाताने धरली. जोरात नाही.

"तू मागून गा," तो म्हणाला.

मी काठी खाली घेतली आणि मागे जाऊन गायलो. सुवाळी मला जमनीभाभीने दिली, त्याने नाही.

१५ मार्च. एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय

पुष्पा मानीबाईकडे राहिली. माझ्या तोंडावरचा रंग अजून गेलेला नाही. शेजारी एक पन्नाशीचा माणूस बसला होता, कानात गुलाल, पायाशी कापसाच्या बियाण्याची रिकामी पिशवी. त्याने फोन काढला. ढोल वाजला आणि मला माझाच आवाज ऐकू आला. कागद खोटं बोलतील, आमच्या बायका नाही!

"ऐका, ऐका," तो मला म्हणाला. "काय बोलते हा मानूस!"

"ती लेंगी आहे," मी म्हणालो.

"कोनं सांगितलं?"

व्याख्यानासारखं बरंच काही तोंडाशी आलं. सगळ्या गाडीला ऐकू गेलं असतं. ते गिळलं आणि त्याच्या कानाशी, हळू आवाजात, याडीने म्हटलं होतं तसं पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. दीर माझा थावरा. मग दुसरंही म्हटलं, माझ्या आजोबांचं, बाजाराचं.

पहिल्या दोन शब्दांनाच तो हसायला लागला. तोही आमच्यातलाच निघाला, पुसदकडच्या तांड्यातला.

"अबे, हे तं खरंच लेंगी होय! मंग ह्या मानसानं असं काहून बोललं?"

फोनमध्ये माझा हात वर गेला होता आणि तिथेच थांबला होता.

"आवाज चांगला आहे ना त्याचा," मी म्हणालो.